ताईच्या लग्नातलं शेवटचं मंगलाष्टक

चूक माझ्या अंगठ्याची होती. पण अंगठ्याला कोण बोलतो, बोलणी मलाच बसली.

भाचीचं लग्न जमलं आणि लांजीहून ताईचा हुकूम आला की शेवटचं मंगलाष्टक मामानं म्हणायचं. मामा म्हणजे मी. राहणार बालाघाट, तहसील कचेरीत बाबू, वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे ते बायको सांगेल. ताई माझी मोठी बहीण. तिचा हुकूम आमच्या घरात आजवर कुणी मोडलेला नाही. मी फक्त पुढे ढकलत आलो होतो.

सरावाला मी न्हाणीघर निवडलं. न्हाणीघरात माणसाला आपला आवाज जरा बरा वाटतो आणि दाराला आतून कडी असते. कसं होतंय ते कळावं म्हणून मोबाइलवर भरून घेतलं आणि ऐकलं. एकदा ऐकणं पुरेसं होतं. पुसून टाकायला अंगठा दाबला, तर ते गेलं थेट घरच्या ग्रुपवर. या ग्रुपवर बालाघाट, लांजी, तिरोडी, गोंदिया, नागपूर, जिथे जिथे आमचं माणूस आहे तिथलं तिथलं सगळं माणूस आहे. घाईघाईनं पुन्हा दाबलं आणि ते मोबाइलवरून नाहीसं झालं. मी सुटकेचा श्वास सोडला, निवांत डोकं धुतलं आणि बाहेर आलो. ते फक्त माझ्या एकट्याच्या मोबाइलवरून नाहीसं झालंय, बाकी सगळ्यांकडे जसंच्या तसं आहे, हे मला बायकोनं चहा देताना सांगितलं.

"बालटी भरल्याचा आवाज मस्त आला," ती म्हणाली. "तुमी मधात कायले बोलले?"

तिरोडीच्या भाच्यानं हिंदीत विचारलं होतं, "मामाजी, तबीयत तो ठीक है ना?" नागपूरच्या मावशीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं, ते मंगलाष्टकाला होतं की माझ्या आत्म्याला, कळलं नाही. आणि खाली ताईचा आवाज. ताई लिहीत नाही, बोलून पाठवते.

"काहून रे बापू, काय झालं तुह्या आवाजाले? माह्या लग्नात तं कोकिळा होता तू!"

ही कोकिळा आमच्या घराण्यात पस्तीसेक वर्षं मुक्कामाला आहे. ताईच्या लग्नात मी बारा वर्षांचा होतो आणि शेवटचं मंगलाष्टक मी म्हटलं. असं म्हटलं की वराकडच्या म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि दोन तेरवींमध्येही सांगितली गेली आहे. पुढे माझं लग्न जमताना माझी नोकरी कच्ची होती, पण ताईनं मुलीकडच्यांना ठणकावून सांगितलं, "नोकरीचं सोडा, पोरगा गाते." मुलगी म्हणजे ताईची चुलत नणंद, लांजीचीच, ताईला वहिनी म्हणणारी. तिनं होकार दिला. तो गळ्याकडे पाहून दिला, असं मी समजत आलो.

आता खरं काय ते सांगतो. मी त्या लग्नात गायलोच नव्हतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि न सांगण्यात फारसा त्रासही झाला नव्हता. तेराव्या वर्षी आवाज फुटला. निसर्गानंच बहाणा पुरवला. कुणी गा म्हटलं की मी गळ्याला हात लावून उदास हसायचो आणि लोक म्हणायचे, "अरेरे, काय गळा होता!" गेलेल्या गळ्याची शहानिशा कुणी करत नाही.

पण त्याच दिवशी, माझ्या बालटीच्या गाण्यानंतर तासाभरात, तिरोडीच्या त्याच भाच्यानं ग्रुपवर एका मुलाखतीचा तुकडा टाकला. "आपल्या बालाघाटची आहे, पाहा," म्हणून. मुलाखत त्या गायिकेची. नाव मी सांगत नाही, तुमच्या मोबाइलवर तिचं एखादं गाणं असणारच. माझ्या मुलीनं तर फोन आला की वाजायला तिचंच लावून ठेवलंय. चमचमत्या खुर्चीवर बसून ती हिंदीत सांगत होती: "माझे वडील लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. सगळ्यात पहिल्यांदा मी लोकांसमोर गायले ते एका लग्नात. पण लोकांना ठाऊकच नव्हतं की मी गातेय. एक मुलगा मंगलाष्टक म्हणताना अडकला होता..." एवढं बोलून ती खळखळून हसली. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, कोण मुलगा? ती म्हणाली, "देवाशपथ, नाव आठवत नाही."

नाव आठवत नाही हे ऐकून मला आधी हायसं वाटलं. मग थोडं वाईट वाटलं. माणसाचं काही खरं नाही.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. "हे आपल्या माइकवाल्याची पोट्टी ना? इतकुशी होती. कोनाच्या लग्नात गायली असन रे थे, तुले आठवते का बापू?"

मी मोबाइल उलटा ठेवला.

माइकवाल्याचं घर बस स्टँडच्या मागे, बुद्धविहाराच्या गल्लीत होतं. पुढे टिनाच्या छपराचं दुकान, मागे एक खोली. दुकानात लाकडी पेटीतलं मशीन, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि एकावर एक ठेवलेले भोंगे. लग्न असो, कथा असो, निवडणूक असो, वॉर्डात आवाज जो काय मोठा व्हायचा तो या घरातूनच जायचा. घरचा माणूस मात्र अगदी हळू बोलणारा. त्याला आम्ही माइकवाले काका म्हणायचो. बायको वारलेली, एकच मुलगी. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, आमच्याच सरकारी शाळेत एक वर्ग मागे. घरी तिला ठेवायला कुणी नाही, म्हणून काका तिला प्रत्येक ठिकाणी बरोबर न्यायचे. सायकलरिक्षात मशीन, मशीनवर रेकॉर्डींची पेटी, पेटीवर ती, आणि टोपी घालावी तसा एक भोंगा तिच्या डोक्यावर. या थाटात ती गावभर फिरायची. आम्ही पोरं तिला "भोंगाराणी" म्हणायचो. ती भोंग्यातूनच शिव्या द्यायची. लांबपर्यंत जायच्या.

काकांच्या रेकॉर्डी जुन्या. त्यातल्या कितीतरी एका जागी अडकायच्या. तीच ओळ पुन्हा पुन्हा, तीच ओळ पुन्हा पुन्हा. दुसऱ्या रेकॉर्डी घेण्याची ऐपत नव्हती. मग ती काय करायची, तर रेकॉर्ड अडकली की मशीनजवळचा छोटा माइक उचलायची, काका सुई पुढे ढकलेपर्यंत अडकलेल्या जागेपासूनचं गाणं स्वतः म्हणायची आणि सुई बसली की थांबायची. हे मी दुकानात माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गायिकेचा आवाज कुठे संपला आणि हिचा कुठे सुरू झाला, ते कळायचं नाही. पण हे दुकानातच, माइक तपासताना. गिऱ्हाइकाकडे नाही. तिथे काकांचा नियम होता. "माइक आपला, आवाज गिऱ्हाइकाचा." माइकवाल्याच्या माणसानं गिऱ्हाइकाच्या कार्यात "हॅलो, हॅलो"च्या पुढे बोलायचं नाही. दुसऱ्याच्या मांडवात आपला आवाज उठला तर उद्या मशीन कोण नेणार?

ताईच्या लग्नात मांडव आमच्याच अंगणात होता. मशीन हळदीच्या दिवशीच आलं आणि आंब्याखाली बसलं. एक भोंगा आंब्यावर, दुसरा विहिरीवरच्या बांबूवर.

आमच्याकडे शेवटचं मंगलाष्टक घरचं असतं. भटजींची झाली की घरातल्या कुणीतरी रचलेलं, आजा-आजीपासून सगळ्यांची नावं ओवलेलं, घरातल्याच कुणीतरी म्हणायचं. ताईचं मामांनी रचलं होतं. चालीत बसावं म्हणून त्यांनी एका आत्याचं नाव अर्धं कापलं. ती आत्या त्यांच्याशी पुढे कधी बोलली नाही. म्हणायचं कुणी, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि माझ्यावर आलं, कारण मी शाळेत प्रार्थना सांगायचो. प्रार्थनेत दोनशे पोरं मागून ओरडतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हळदीच्या दिवशी मी सकाळपासून आंब्याखाली घोकत बसलो. ती वायरींचे गुंते सोडवत तिथेच. सात-आठ वेळा ऐकल्यावर म्हणाली, "तुमची तिसरी ओळ दर टायमाले पडते."

"तुले काय करा लागते?"

"मले काई नाही. पडते म्हनून सांगतलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. अंतरपाट धरलेला, मुठीमुठीत अक्षता, भटजींना पुढच्या लग्नाची घाई. चार मंगलाष्टकं झाली. मामांनी माइक माझ्या हातात दिला. पहिली ओळ मी म्हटली. दुसरी म्हटली. आणि तिसरी ओळ, तिनं सांगितल्याप्रमाणे, पडली. नुसती पडली नाही, तिच्यापुढचं सगळंच गेलं. डोळ्यांपुढे फक्त ताईच्या मुंडावळ्या, त्या हलत होत्या. ताई रडायला आली होती. आई वर्षभरापूर्वी गेलेली, आणि त्या तिसऱ्या ओळीतच आईचं नाव होतं.

किती वेळ गेला असेल? कदाचित दोन श्वास. मला ते दोन श्वास अजून संपलेले वाटत नाहीत. आणि मग भोंग्यातून तिसरी ओळ आली.

स्वच्छ, सरळ, जराही न डगमगता. आईचं नाव असं उचललं की मांडवात एकदम शांत झालं. मी तोंड उघडं ठेवून माइक धरून उभा. मला वाटलं, मीच गातोय. खरंच वाटलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझे ओठ हलत नाहीयेत, तेव्हा ते हलवायला लागलो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मंगलाष्टकाच्या वेळी गाणाऱ्याकडे कुणी बघत नसतं. सगळ्यांचे डोळे अंतरपाटावर आणि मूठ अक्षतांवर. शिवाय त्या वयात पोराचा आणि पोरीचा आवाज भोंग्यातून सारखाच. "शुभमंगल सावधान" झालं, अक्षता पडल्या, बाजा वाजला.

काका त्या वेळी मशीनवर नव्हतेच. वाऱ्यानं आंब्यावरचा भोंगा फिरला होता, तो सरळ करायला ते झाडावर चढले होते. भोंगा त्यांच्या कानाशी. त्यातून एकाएकी स्वतःच्या पोरीचा आवाज आल्यावर बापाचं काय झालं असेल! ते झाडावरून उतरले की पडले, हे मला आजही सांगता येणार नाही. गुडघा सोललेला होता. मी मांडवामागे गेलो, तर त्यांनी मला आंब्याआड ओढलं. मला वाटलं आता मार बसतो. त्यांनी हात जोडले. मला. बारा वर्षांच्या पोराला.

"बापू, कोनाले सांगू नको बरं. माही पोट्टी गिऱ्हाइकाच्या मांडवात बोलली. लोकाईले समजलं तं धंदा बसन माहा."

मागे ती मान खाली घालून उभी होती. हळूच म्हणाली, "थो अडकला होता बाबा. मंग काय करू?"

म्हणजे मी तिच्या लेखी एक अडकलेली रेकॉर्ड होतो. तिनं सुई बसेपर्यंतचं म्हटलं, इतकंच.

मी वचन दिलं. इतकं सोयीचं वचन मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

मग दिवसभर कौतुक. पाठीवर थापा, गालावर बोटं. पाठवणीच्या वेळी ताई सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि माझ्यापाशी आल्यावर मात्र डोळे पुसून उभी राहिली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बापू, तू मायचं नाव घेतलं ना, तवा मले वाटलं माय मांडवातच उभी आहे. म्हनून सावरली मी. नाही तं पडलीच असती."

चार दिवसांनी मी त्यांच्या दुकानात गेलो. काका बाहेर गेले होते. ती कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हनले लोकं?"

मी सगळं सांगितलं. वराचे आजोबा काय म्हणाले, नागपूरची मावशी काय म्हणाली, कोण रडलं, कोण म्हणालं हा पोरगा मुंबईला जाईल. एकेक बोलणं जसंच्या तसं पोचवलं. ती वायर गुंडाळत ऐकत होती. गुंडाळून झाली तरी उलगडून पुन्हा गुंडाळायला लागली.

"आन् भटजी?"

"भटजी म्हनले, दक्षिणा."

ती हसली. मग विचारलं, "नवरी काय म्हनली?"

मी म्हणालो, "नवरी काई नाही म्हनली. रडून राह्यली होती ना थे."

एवढं एक बोलणं मी तिच्यापासून लपवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बाकीचं कौतुक परत करायला जड गेलं नाही, पण ताईचं ते वाक्य मला माझं स्वतःचं हवं होतं. आई गेल्यावर मला कुणी असं चेहरा धरून काही म्हटलं नव्हतं.

नंतर ती आठवी-नववीत असताना काका मशीन विकून नागपूरला गेले. दुकानात पंक्चरवाला आला. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि माझ्याहून जास्त माझ्या मुलीला.

तर आता हे. ग्रुपवर ताईचा प्रश्न तसाच पडून होता. कोनाच्या लग्नात गायली असन रे थे? उत्तर द्यावं तर ताईचं पस्तीस वर्षं जपलेलं वाक्य माझ्या हातानं फोडायचं. न द्यावं तर लग्नात माइक हातात येणारच आहे, आणि या वेळी आंब्याखाली कुणी नाही. दोन दिवस मी बरं नसल्याचं नाटक केलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "चला, वहिनीकडे जाऊन येऊ. तांदूळ निवडाचे आहेत, मले बोलावलं आहे. तुमी नुसते घरात घुबडावानी बसून राह्यले."

मोटरसायकलनं निघालो. सकाळची वेळ, मोहाच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. वाटेत मी तीनदा गाडी हळू केली. बायकोला वाटलं पेट्रोल संपलं.

ताई ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बायको आत पाणी प्यायला गेली. मी समोर बसलो, सुपातले चार दाणे उचलले आणि म्हणालो, "ताई, तुह्या लग्नात मी नाही गायलो."

"आँ?"

"तिसऱ्या ओळीले अडकलो होतो मी. मायच्या नावापाशी. पुढचं थे माइकवाल्याची पोट्टी गायली. मशीनजोळून. मी नुसतं तोंड हालवलं."

मग सगळंच सांगितलं. काकांचे जोडलेले हात, दुकानातलं बोलणं, आणि ताईचं वाक्य लपवलं तेही. सांगताना मी तांदळात खडे शोधत होतो. एकही सापडला नाही, लांजीचा तांदूळ चांगला असतो. बायको दारात येऊन कधी उभी राहिली, माझं लक्ष नव्हतं.

ताईचा तांदळातला हात थांबला. सूप तिच्या मांडीवर तसंच. मला वाटलं आता ती विचारेल, इतके वर्षं खोटं काहून बोलला? मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. तिनं ते विचारलंच नाही.

"बापू," ती म्हणाली, "त्या पोट्टीले जेवाले बसवलं होतं का रे कोनी?"

आमच्याकडे माइकवाल्याचं ताट माइकवाल्याकडे जायचं, अशी पद्धत. पंगतीत बसायची पद्धत नाही. पद्धत म्हटलं की आम्हाला पुढचं काही विचारायची गरज वाटत नसे. ते ताट गेलं की नाही, एकाचं गेलं की दोघांचं, पोरगी जेवली की वायरी गुंडाळून तशीच रिक्षावर बसली, मला काही म्हणजे काही आठवेना. मी तर तेव्हा वराच्या आजोबांशेजारी बसून बुंदी खात होतो. माझ्या पानात दोनदा वाढली होती. गातो म्हणून.

"माहीत नाही, ताई."

"माह्या मायले मांडवात आनलं तिनं," ताई म्हणाली, "आन् आपल्याले माहीत नाही."

मग डोळे पुसून पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. निघताना मी भीत भीत विचारलं, "मंग मंगलाष्टक? दुसरं कोनी..."

"दुसरं कोनी कायले? तूच म्हनशीन. जसं येते तसं म्हन. बालटी ठेवू का मांडवात?" आणि हसली. ते हसू पूर्ण नव्हतं, पण हसली. "फक्त पह्यले माइकवर सांगजो, माह्या लग्नात कोन गायलं होतं थे. समद्याईले ऐकू येईन असं सांगजो."

परतताना लांजीच्या बाहेर एका टपरीवर चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत बगळे फिरत होते. बायको सकाळपासून या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि हे तिच्या बाबतीत चांगलं लक्षण नसतं. फसवून लग्न केलं, असं ती म्हणाली तर काय म्हणायचं, याचा मी विचार करत होतो. खरं तर तसंच होतं.

"जेवली होती थे," ती एकदम म्हणाली.

"कोन?"

"थे पोट्टी. माह्या बाजूलेच बसली होती, आंब्याखाली. मी वरातीत आली होती ना, आठ-नऊ वर्षाची. मांडवात गर्मी होऊन राह्यली होती म्हनून मशीनजोळ जाऊन बसली. तिचं ताट आलं होतं, त्यात बुंदी नव्हती. मी माही अर्धी देली."

"म्हनजे... तू पाह्यलं? तिले गाताना?"

"पाह्यलं. मंग मान उंच करून मांडवात तुमाले बी पाह्यलं. मासोळीवानी तोंड चालू होतं."

"आन् तरी तू मले हौ म्हनलं? ताई तं सांगून राह्यली होती पोरगा गाते म्हनून!"

"गाते म्हनून नाही हौ म्हनलं. मले वाटलं, इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवते, म्हनजे मानूस कमी बोलनारा असन. तेथंच फसली मी."

टपरीवाला हसला. मी कप खाली ठेवला. "मंग ताईले तेथंच काहून नाही सांगितलं की जेवली म्हनून? थे बिचारी तिकडे जीव जाळत बसली असन."

ती उठली, पदर खोचला, मोटरसायकलपाशी जाऊन उभी राहिली.

"जाळू द्या एक-दोन दिवस. सांगीन मी लग्नाच्या पह्यले. इतक्या वर्षात त्या पोट्टीच्या जेवनाची काळजी आपल्या घरात कोनी केली नाही, वहिनीले करू द्या थोडी. तुमी बी करा. चला, काढा गाडी. आन् रस्त्यानं गुनगुनू नका."